लहानपणीच्या माथेरानला दोन रात्री: आजी-नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

आम्ही डोंबिवलीचे. परीक्षा संपली की मे महिन्यात चार दिवस माथेरान, हे आमच्या घरी इतकं ठरलेलं होतं की ‘यंदा कुठे?’ असं कुणी विचारतच नसे. बाबा डोंगराच्या पायथ्याशी नेरळला मिनी ट्रेनच्या तिकिटाच्या रांगेत, आई फलाटावर सामानाशेजारी बसलेली, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा, आणि आम्ही दोघं भावंडं खिडकी कोणाची यावरून भांडत असायचो.

बाबा गेल्यावर आईच्या बोलण्यात माथेरान वारंवार यायला लागलं. म्हणून मी, नवरा, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं, भाऊ आणि आई असे सहाजण शनिवार-रविवार धरून निघालो. ती पहिली फेरी फार दमवणारी झाली. जोडून आलेली सुट्टी, चाकांच्या दोन मोठ्या बॅगा, शेवटच्या टप्प्यावर चालणाऱ्या छोट्या शटल गाडीची तिकिटं संपलेली आणि आईचा दुखरा गुडघा. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर एका कट्ट्यावर बसून आई एवढंच म्हणाली, “तुझे बाबा निघायच्या आधी सगळं विचारून ठेवायचे गं.” ते मला लागलं. पुढच्या फेब्रुवारीत मी एकेक गोष्ट विचारून वहीत लिहून काढली, आणि आम्ही पुन्हा गेलो. त्या वेळी आई दोन दिवस झाडाखाली खुर्ची टाकून बसली आणि गुडघ्याचं नावही तिने काढलं नाही. तीच वही समोर ठेवून हे लिहिते आहे.

सुरुवातीला एक गोष्ट मनात पक्की करा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तुमची गाडी असो, टॅक्सी असो, दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. अँब्युलन्स, अग्निशमनाचा बंब आणि आता मोजक्या ई-रिक्षा, एवढीच काय ती सूट. २००३ साली केंद्र सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. दस्तुरीपासून गावातलं मार्केट सुमारे अडीच-तीन किलोमीटरवर आहे. हे अंतर तुमच्या घरातला सगळ्यांत थकलेला माणूस कसा पार करणार, हे आधी ठरवा. बाकीची तयारी त्याच्या मागून येते.

१. तारीख निवडा

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस कुटुंबासाठी सगळ्यांत चांगले. सकाळ-संध्याकाळ गारवा असतो, दुपारी सावलीत छान वाटतं. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा बरंच खाली, त्यामुळे फार जाड कपडे लागत नाहीत. आजीला शाल आणि मुलांना एकेक स्वेटर पुरतो.

मार्च-एप्रिलमध्ये अंजनीची झाडं निळ्या-जांभळ्या फुलांनी भरतात. खोडापासून फांद्यांपर्यंत फुलं चिकटलेली असतात, ती मुलांना नक्की दाखवा. मे महिन्यात दुपारी चांगलंच तापतं, पण करवंदं आणि जांभळं तेव्हाच मिळतात. आम्ही लहान असताना मेमध्येच जायचो ते त्यासाठीही.

पावसाळ्यात माथेरान वेगळंच दिसतं, मात्र तेव्हा साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची छोटी शटल तेवढी चालते. वाटा निसरड्या होतात आणि पॉइंटवर ढगांशिवाय काही दिसत नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. मोठ्या मुलांना घेऊन भिजायलाच जायचं असेल तर ती वेगळी गोष्ट.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली असेल तर मी तरी जाणार नाही. दस्तुरीचं वाहनतळ भरतं आणि गाड्या घाटातच अडकून पडतात. एक दिवस रजा काढणं शक्य असेल तर रविवारी दुपारी चढा आणि मंगळवारी उतरा. रविवारी सगळे खाली येत असतात, तुम्ही वर जात असता. हॉटेलचे दरही रविवार ते गुरुवार कमी असतात. आमची दुसरी फेरी अशीच होती, आणि सोमवारी सकाळी शार्लोट तलावावर आमच्याशिवाय चार माणसंही नव्हती.

२. कागदपत्रं आणि सामान

आधी कागदपत्रं. ही सगळी एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि ते पाकीट एकाच माणसाकडे द्या.

- प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र. हॉटेलात मागतातच.
- मुलांची आधार कार्डं किंवा शाळेची ओळखपत्रं.
- हॉटेलच्या बुकिंगचा कागद छापून. घाटात आणि वर काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, ईमेल उघडेलच असं नाही.
- स्वतःची गाडी नेणार असाल तर आरसी, विमा, पीयूसी.
- आजी-आजोबांच्या गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
- रोख पैसे, सुट्ट्यांसकट. वर एटीएम मोजकी आहेत आणि गर्दीच्या दिवशी त्यांतले पैसे संपतात. घोडेवाला, हमाल, सरबतवाला यांच्याशी व्यवहार रोखीने झटकन होतो.

आता सामान. चाकांची बॅग आणू नका. रस्ता लाल मातीचा, दगडगोट्यांचा आणि मध्येमध्ये रुळांच्या कडेने जाणारा आहे. चाकं मातीत रुततात आणि ती बॅग शेवटी उचलूनच न्यावी लागते. पाठीवरच्या पिशव्या घ्या, माणशी एक. आजीची पिशवी तिच्याकडे देऊ नका. सामान जास्तच असेल तर दस्तुरीला हमाल मिळतात. पिशव्या दाखवून, हॉटेलचं नाव सांगून दर आधी ठरवा.

पायांत जुने, रुळलेले, बंद बूट हवेत. नवे बूट इथे पहिल्यांदा घालू नका, माझ्या मुलीची टाच पहिल्याच संध्याकाळी सोलली होती. याशिवाय टॉर्च माणशी एक, धुळीसाठी सुती रुमाल किंवा मास्क, टोपी, ओआरएसची पाकिटं, गुडघ्याचा पट्टा आणि मलम, आणि पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या घरीच ठेवा. तिथला कचरा डोंगरावरून खाली उतरवणं किती कष्टाचं आहे ते वर गेल्यावर तुमच्या लक्षात येईल.

पांढरे कपडे नकोत. मातीचा डाग निघत नाही.

३. राहायची जागा

फोटो बघून जागा घेऊ नका, फोन करा. फोटोत दिसणारी बाग मार्केटपासून पाऊण तासाच्या चालीवर असू शकते. मी पुढचे प्रश्न वहीत लिहून ठेवले होते आणि चार ठिकाणी तेच विचारले.

माथेरान स्टेशनपासून चालत किती मिनिटं? किती मीटर असं विचारू नका, मिनिटंच विचारा. वाटेत चढ आहे का? तळमजल्यावर खोली मिळेल का, आणि पायऱ्या किती? कमोड आहे का? जेवण दरात धरलं आहे का? माथेरानात बऱ्याच हॉटेलांत चहा-नाश्ता-दोन्ही जेवणं धरूनच दर सांगतात, आणि अनेक ठिकाणी जेवण गुजराती पद्धतीचं शाकाहारी असतं. ते उत्तम असतं, पण घरात कुणाला मासे-मटणाशिवाय चालत नसेल तर आधी विचारलेलं बरं.

आणि चेक-आउट किती वाजता? हा प्रश्न हमखास राहतो. माथेरानात अनेक हॉटेलं सकाळी नऊ-दहालाच खोली रिकामी करायला सांगतात. पहिल्या खेपेला आम्हाला हे माहीत नव्हतं. आईची आंघोळ व्हायची होती आणि दारावर टकटक सुरू झाली. जादा पैसे भरून दोन तास मिळाले, पण तिचा सकाळचा चहा त्या घाईत राहून गेला. चेक-इनची आणि चेक-आउटची वेळ फोनवर विचारा आणि मग मेसेजवर लिहून मागवा. सामान दिवसभर ठेवून घेतील का हेही विचारा.

आजी-नातवंडं दोन्ही असतील तर जागा मार्केट आणि स्टेशनच्या जवळ घ्या. आत जंगलात बंगले सुंदर आहेत, शांतता आहे, पण रात्री औषध लागलं तर अंधारात तितकं चालत यावं लागतं. वऱ्हांडा किंवा झाडाखाली बसायची जागा आहे का, ते मात्र जरूर बघा. तुमचा निम्मा वेळ तिथेच जाणार आहे, आणि तसाच तो जाऊ द्या.

४. नेरळपर्यंत, आणि नेरळहून दस्तुरीपर्यंत

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची आणि नेरळला उतरायचं. बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग नेरळ. बदलापूर लोकल नेरळपर्यंत येत नाही, गडबडीत लोक तीच पकडतात. पुण्याकडून येत असाल तर कर्जतला उतरून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला या. मध्ये फक्त भिवपुरी रोड हे एक स्टेशन लागतं.

नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीला जाणाऱ्या टॅक्सी उभ्या असतात. माणशी सीटचा दर असतो किंवा पूर्ण गाडी घेता येते. सहाजण असाल तर पूर्ण गाडी घ्या. मुलांना मांडीवर दाटून बसवलं की त्या वळणांवर उलटी ठरलेली. आल्याच्या वड्या आधीच हातात द्या.

स्वतःची गाडी नेणार असाल तर हे ऐका. घाट छोटा पण फार चढाचा आहे, वळणं एकदम आखूड. पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चढावं लागतं. वर येणाऱ्या गाडीला वाट द्या. ती एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड जातं. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर गाडी नेरळला लावून टॅक्सीने वर जा. माझा नवरा मुंबईत वीस वर्षं गाडी चालवतो आणि त्याने हेच केलं.

५. दस्तुरी नाका

इथे घाई करू नका. सगळ्यांना सावलीत बसवा, पाणी प्या, आणि घरातल्या एकाच माणसाला पुढे पाठवा.

गाडीतून उतरलात की चारपाच जण भोवती येतात. “ट्रेन बंद आहे.” “मार्केट सात किलोमीटर आहे, चालत जमणार नाही.” “आजींना घोड्याशिवाय पर्याय नाही.” यातलं काही खरं मानून निर्णय घेऊ नका. अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. तिथल्या तिकीट खिडकीवर स्वतः जाऊन विचारा. मार्केटपर्यंतचं अंतर मी वर सांगितलं आहे तेवढंच आहे. पर्यटकांच्या या दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये खुद्द माथेरानकरांनी बंद पाळला होता, कारण चार लोकांच्या वागण्यामुळे सगळ्या गावाचं नाव खराब होत होतं. आम्हाला भेटलेले बहुतेक घोडेवाले आणि हमाल सरळ आणि मायाळू होते. फक्त दर आधी ठरवा, दरफलक बघा, आणि दर एका माणसाचा की सगळ्यांचा, एका बाजूचा की येऊन-जाऊन, हे स्पष्ट बोलून घ्या.

नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेश कर भरावा लागतो. पावती जपून ठेवा.

पुढे जायचे पर्याय असे.

शटल मिनी ट्रेन. अमन लॉज ते माथेरान, वीसेक मिनिटं. आजी-नातवंडांसाठी माझी पहिली पसंती हीच. तिकिटं खिडकीवर मिळतात आणि सुट्टीच्या दिवशी पटकन संपतात. म्हणून आल्या आल्या एकाने रांगेत उभं राहायचं. गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा आणि त्यापैकी एका गाडीच्या तासभर आधी नाक्यावर पोहोचेल असा बेत आखा.

ई-रिक्षा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. संख्या कमी आहे, रांग लागते. ज्येष्ठांसाठी हा मोठा आधार आहे.

हातरिक्षा. आमच्या लहानपणी आजोबा तीत बसून गेले होते. पुढे एक माणूस आणि मागे दोघं, घामाने निथळत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि ती ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांचा मार्ग सुचवला. मला या निकालाने फार बरं वाटलं. तुमच्या बेतात हातरिक्षा धरू नका.

घोडा. ज्याला बसायची सवय नाही त्या सत्तरीच्या माणसाला घोड्यावर बसवू नका. चढताना जमतं, उतरताना गुडघा आणि कंबर दोन्ही जातात. मुलांना बसवाल तर घोडेवाल्याने लगाम हातात धरून चालवलं पाहिजे, दौडवायचं नाही, हे आधी सांगा. डोक्यावर हेल्मेट मागा.

पायी. रुळांच्या कडेकडेने सावलीची वाट आहे, चढ सौम्य आहे. पायांचा त्रास नसेल तर पाऊण-एक तासात सहज पोहोचता. दुसऱ्या खेपेला आईला आणि धाकट्याला नवऱ्याबरोबर शटलमध्ये बसवलं आणि आम्ही तिघं चालत आलो. भाऊ प्रत्येक वळणावर थांबून म्हणत होता, “इथेच ना गं बाबांनी आपल्याला करवंदं काढून दिली होती?” सगळ्यांनी एकाच वाहनाने गेलं पाहिजे असं काही नाही.

६. नेरळहून मिनी ट्रेनने जायचं असेल तर

आईला तेच हवं होतं, म्हणून या एका गोष्टीसाठी मी सगळ्यांत जास्त धडपडले.

ही गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. दोन रुळांमधली रुंदी फक्त दोन फूट, मार्गाची लांबी साधारण २१ किलोमीटर. टॅक्सीने अर्ध्या तासात होणाऱ्या चढाला गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात, कारण ती डोंगराला वळसे घेत घेत चढते. मधली स्टेशनं जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज. वाटेत एकच छोटा बोगदा आहे, मुलांनी ओरडून घ्यायच्या आत तो संपतो.

२००५ च्या पुरात हा मार्ग वाहून गेला आणि दोन वर्षांनी सुरू झाला. पुन्हा २०१९ च्या पावसाने मोडला, तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. म्हणून निघायच्या आठवड्यात गाडी चालू आहे ना, हे मध्य रेल्वेकडून किंवा नेरळ स्टेशनवर विचारून खात्री करा. दिवसाच्या फेऱ्या मोजक्याच आणि डब्यांत जागा थोडी. वरच्या दिशेला सकाळच्या गाडीसाठी लवकर येऊन रांग लावावी लागते. शनिवारी तिकीट मिळेल असं गृहीत धरून बेत आखू नका. मिळालं नाही तर टॅक्सी आणि शटल, हे मनात तयार ठेवा आणि मुलांनाही आधीच सांगा, म्हणजे रडारड होत नाही.

वर जाताना तिकीट मिळालं नाही तर परतीचा विचार करा. आम्ही तेच केलं. माथेरानहून नेरळला उतरणाऱ्या गाडीचं तिकीट मिळालं, आणि आई अडीच तास खिडकीतून डोकं न हलवता बसली होती. वॉटर पाइपच्या पुढे एका वळणावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “इथे तुला उलटी व्हायची. दर वर्षी. हाच कोपरा.” मला आठवत नव्हतं. तिला कोपरा आठवत होता.

अडीच तासांच्या प्रवासाआधी सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. गाडीत सोय नाही.

७. दिवसाला दोनच पॉइंट

माथेरानला पॉइंट तीसच्या वर आहेत आणि घोडेवाले ‘सात पॉइंट’, ‘बारा पॉइंट’ अशा फेऱ्या सांगतात. घेऊ नका. बाराव्या पॉइंटपर्यंत मुलं कंटाळतात आणि आजीला एकही नीट आठवत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि मध्ये जेवण, झोप, पत्ते.

आमचा क्रम असा होता. पहिल्या संध्याकाळी खंडाळा पॉइंट, तो मार्केटच्या अगदी जवळ आहे. तिथून माधवजी बागेत मुलांना सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून शार्लोट तलाव. वाट झाडांखालून जाते आणि फारसा चढ नाही. तलावाकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, हे माथेरानचं ग्रामदैवत. आई तिथे तासभर बसली. गावाला पाणी पुरवणारा हा तलाव आहे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी तेवढ्या वेळात जवळचे लॉर्ड्स आणि इको पॉइंट बघून यावं.

संध्याकाळी सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंट. समोर प्रबळगड दिसतो, खाली दरीत गावांचे दिवे लागत जातात. सुंदर आहे, पण परतीची वाट पूर्ण अंधारी असते. सूर्य बुडाल्यावर लगेच निघा, टॉर्च सगळ्यांकडे असू दे, मुलांचे हात सोडू नका. आजीला तेवढं चालणं होणार नसेल तर तिला वऱ्हांड्यात चहा देऊन बाकीच्यांनी जा. तिला ते चालतं, विचारून बघा.

सूर्योदयाचा पॅनोरमा पॉइंट मार्केटपासून सुमारे पाच किलोमीटरवर, गार्बट त्याहूनही जास्त चालीचा. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन हे करू नका. वन ट्री हिलपाशी खाली उतरणारी शिवाजी शिडीची पायवाट आहे. ती गिर्यारोहकांची, सहज म्हणून दोन पावलं उतरून बघायची नाही. १८५० साली ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून याच अंगाने वर आले आणि माथेरानला बाहेरच्या लोकांचं येणं-जाणं सुरू झालं. ही गोष्ट थोरलीला सांगितली तर ती म्हणाली, त्याच्या आधी इथे राहणारे लोक होते की. बरोबर होतं तिचं. डोंगराच्या अंगाखांद्यावर ठाकर आणि कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, आणि करवंदं-जांभळं विकायला बसलेल्या बायका बहुतेक तिथूनच चढून येतात. त्यांच्याकडून घ्या, घासाघीस करू नका.

सर्व पॉइंटवर कठडे नाहीत. काठाची जांभ्याची माती ठिसूळ असते. फोटोसाठी मागे सरकणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या एकाने लक्ष ठेवायचं, असा घरात नियम करा.

८. माकडं, धूळ, दुखणं

माकडं हातातली पिशवी ओढतात. खाण्याची वस्तू उघडी नेऊ नका, त्यांना खायला घालू नका, डोळ्यांत डोळे घालून दात दाखवून हसू नका. खोलीची खिडकी लावूनच बाहेर पडा. वर झाडांत नीट पाहिलंत तर शेकरू दिसेल, तांबूस रंगाची, लांब झुपकेदार शेपटीची खार. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. धाकट्याला ती दिसली तेव्हा तो पाच मिनिटं बोललाच नाही.

दमा असेल तर इनहेलर खिशात, पिशवीत नव्हे. नगरपरिषदेचं रुग्णालय आहे, पण रोजची औषधं मार्केटात मिळतीलच असं धरू नका.

९. आठवणीतलं माथेरान

हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. लहानपणच्या जागी जाताना घरातल्या मोठ्या माणसाला काय बघायचं आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या. मी गृहीत धरलं होतं की आईला पॉइंट बघायचे असतील. तिला बघायचं होतं आम्ही उतरायचो ते लॉज, जिथे मागच्या अंगणात बंब पेटवून बादलीने पाणी द्यायचे. पहिल्या खेपेला आम्ही ते शोधायला गेलो आणि तिथे दुसरीच इमारत उभी होती. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही.

दुसऱ्या वेळी जुने फोटो घेऊन बसलो आणि कुठली जागा अजून असेल याचा अंदाज आधीच घेतला. स्टेशन होतं, देऊळ होतं, पेमास्टर पार्क होतं. एका फोटोत बाबा पार्कात उभे आहेत, मी त्यांच्या खांद्यावर. त्याच पार्कात माझा भाऊ उभा राहिला, खांद्यावर धाकटा. फोटो आईने काढला. फोन कसा धरायचा ते थोरलीने तिला शिकवलं.

मुलांना मात्र “आमच्या वेळी असं होतं” हे दिवसभर ऐकवू नका. त्यांना त्यांचं माथेरान सापडू द्या. माझ्या मुलांच्या लेखी माथेरान म्हणजे बर्फाचा गोळा, घोड्याच्या मानेचा वास आणि वीज गेल्यावर आजीने अंधारात सांगितलेली भुताची गोष्ट.

१०. परतीचा दिवस

खरेदी आदल्या संध्याकाळी उरका. चिक्की, चामड्याच्या चपला, मध. चिक्की चाखून घ्या आणि त्याच दिवशी बनलेली मागा. कुठलं दुकान यावर माथेरानात भांडणं होतील, आम्ही आईच्या जिभेवर विश्वास ठेवतो. चपला पायात घालून दहा पावलं चालून बघा.

सकाळी खोली सोडून सामान हॉटेलात ठेवा आणि लगेच स्टेशनवर जाऊन शटलची किंवा नेरळ गाडीची चौकशी करा. रविवारी दुपारी तीन ते सहा ही वेळ सगळ्यांत वाईट. शटलला, टॅक्सीला आणि नेरळच्या फलाटावर एकदमच गर्दी होते. जेवण झाल्यावर एकच्या सुमारास निघालात तर उजेडी घरी पोहोचता.

दस्तुरीला टॅक्सीत बसण्यापूर्वी सगळ्यांनी बूट झटकून घ्या. घरी गेल्यावर मोजे आणि पँटचे पाय वेगळ्या बादलीत भिजत घाला, इतर कपड्यांत टाकू नका. लाल पाणी तीन वेळा बदलावं लागतं. आईने तिचे मोजे अजून धुवायला दिलेले नाहीत.